आधी ऐकते, मग नाही म्हणते

“मला माहितीये तू काय म्हणणारेस ते, बस खाली.” मास्तर एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, रागावलेही नव्हते, उलट जरा मायेनंच म्हणाले. पण ते वाक्य त्या दिवसापास्नं माझ्या डोक्यातनं जातच नाहीये. आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये मीटिंग होती. जूनचा पहिला मोठा पाऊस, पत्र्यावर असा वाजत होता की मागं बसलेल्यांना पुढचं निम्मंच ऐकू यायचं, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग, चहाचे कप फिरतायत, कुणाचं तरी बाळ सतरंजीवर बिस्कीट चुरत बसलेलं. विषय वाद्यांचा. एका बाजूला ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक, पेटी, तबला, टाळ. दुसऱ्या बाजूला तरुण संघाची पोरं, त्यांना कीबोर्ड पाहिजे, ड्रम पाहिजे, भिंतीवर शब्द दिसायला प्रोजेक्टर पाहिजे. आमच्याकडं हा वाद इतक्यांदा झालाय की दोन्हीकडची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळं कराडला इंजिनिअरिंगला असलेला तो पोरगा उभा राहिला आणि मास्तरांना वाटलं की झालं, आता तेच ऐकायचं.

तेवढ्यात आत्या बोलल्या. त्या कुणाच्या सख्ख्या आत्या आहेत हे आता कुणाला आठवत पण नसेल, अख्ख्या मंडळीच्या आत्या. गीत उचलायचं ते त्यांनीच, आणि नव्या वाद्यांना सगळ्यात जास्त विरोध कुणाचा तर तोही त्यांचाच. म्हणाल्या, “थांबा मास्तर. मला न्हाई ठाऊक तो काय म्हणणार हाय. बोल बाबा, सगळं बोल. मी ऐकून घेते, मग न्हाई म्हणते.”

हॉलमध्ये हशा पिकला. आत्या हसल्या नाहीत, त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली, कारण त्यांना डाव्या कानानं कमी येतं, आणि पदर सावरून त्या पोराकडं बघत बसल्या. पोरगा अवघडून म्हणाला, “मला ड्रमसेट नकोय आत्या. मला हलगी पाहिजे.”

हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. त्याचे पणजोबा गावात हलगी वाजवायचे. आजोबापण वाजवायचे. ख्रिस्ती झाल्यावर त्या वेळच्या मोठ्या माणसांनी आजोबांना सांगितलं की ही जत्रेतली, लग्नावरातीतली, मयताची वस्तू, देवाच्या घरात हिचं काम नाही. आजोबांनी ती खुंटीला टांगली. पुढं कातडं फाटलं, कडं तेवढं राहिलं, ते अजून गावाकडच्या घरात माळ्यावर आहे, आणि यानं ते दिवाळीच्या सुट्टीत खाली काढलं, गंज घासला, एका माणसाकडनं नवं कातडं चढवून घेतलं. मोबाईलवर शिकला नाही तो, गावातल्या एका म्हाताऱ्याकडं जाऊन शिकला, शेकोटीवर कातडं किती शेकायचं, कधी ते बोलायला लागतं, जाड काडी कुठं बसते, बारीक छडी कुठं, हे सगळं हातानं दाखवत तो सांगत होता आणि बोलता बोलता त्याचं अवघडलेपण कधी गेलं त्याला कळलं पण नाही. शेवटी म्हणाला, “आजोबांना आयुष्यात एकच गोष्ट फार चांगली येत होती. देवाला द्यायला तेवढंच होतं त्यांच्याकडं. तेच नको म्हणाले लोक.”

मी मास्तरांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते.

माझं घर वाद घालणाऱ्यांचं. सदर बझारला आमचं भाड्याचं घर होतं तेव्हा शेजारी एक वारकरी आजोबा राहायचे, माळकरी, पहाटे चारला हरिपाठ म्हणणारे. वडील आणि ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून भांडायचे असं आम्हा पोरांना वाटायचं. पुनर्जन्म, उपास, मूर्ती, एकाच देवाला का धरायचं, तुमचा देव वधस्तंभावर मरतोच कसा. आई आतनं चहा पाठवायची तेव्हा मी कप घेऊन जायचे आणि जरा रेंगाळायचे. मला आठवतंय ते मुद्दे नाहीत, मुद्दे कधीच विसरले, आठवतं ते वडिलांचं एक वाक्य जे ते रोज म्हणायचे, “म्हणजे तुमचं म्हणणं असं ना नाना, की...” आणि मग ते नानांचंच म्हणणं सांगायचे. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि बऱ्याचदा मान हलवायचे, “न्हाई न्हाई, तसं न्हाई,” की परत पहिल्यापास्नं. नाना हो म्हणेपर्यंत वडील आपला मुद्दा काढायचेच नाहीत. कधी कधी तेवढ्यातच जेवायची वेळ व्हायची. त्या वयात मला हा वेळ वाया घालवणं वाटायचं. वडिलांनी जिंकावं असं मला फार वाटायचं आणि ते जिंकायला बघतच नव्हते.

पुढं मोठेपणी एका बायबल अभ्यासात आमच्या पाळकसाहेबांनी थॉमस अक्वायनसबद्दल सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ओटा आठवला. तेराव्या शतकातला हा संन्यासी, चर्चचा एवढा मोठा विद्वान, पण त्याच्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधकांपास्नं होते. आधी आपल्या विरुद्धचे मुद्दे, एकामागं एक, आणि तेही लेचेपेचे करून नाही तर जितके जोरकस मांडता येतील तितके. देव आहे का, या प्रश्नावर तो सुरुवातच देव नाही असं वाटण्यासारखं काय काय आहे इथनं करतो, जगात एवढं दुष्टपण आहे मग चांगला देव कसा असेल, हा मुद्दा तो स्वतः लिहितो. मग आपलं मत. मग परत त्या एकेका मुद्द्याला उत्तर. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत जाहीर करायच्या आधी त्याच्या विरुद्ध बोलायला मुद्दाम एक माणूस नेमलेला असायचा, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे, १९८३ साली दुसऱ्या जॉन पॉल पोपनी त्या पदाचं महत्त्व बरंच कमी केलं. मला ती पद्धत आवडते. सगळे ज्याला संत म्हणतायत त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला खुर्ची द्यायची, आणि ती देवाच्याच कामाचा भाग म्हणून द्यायची.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात दोन वचनं जवळजवळ आहेत. ऐकून घ्यायच्या आधीच जो उत्तर देतो त्याचा तो मूर्खपणा आणि त्याची फजिती, हे एक. दुसरं असं की वादात जो पहिला बोलतो तो खराच वाटतो, दुसरा येऊन त्याला तपासेपर्यंत. मला यातलं दुसरं जास्त खोल वाटतं. कारण मनातल्या मनात आपण कायम पहिलेच बोलणारे असतो ना. आणि बायबलातला तो सगळं गमावून बसलेला ईयोब, त्याचे मित्र तर मला कायम अस्वस्थ करतात. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, एक शब्द नाही, तोवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. मग ईयोब बोलायला लागला, देवाविरुद्ध, जन्माविरुद्ध, असं काही बोलला की ते त्यांना ऐकवेना, आणि तिथनं पुढं ते ऐकायचे बंद झाले आणि देवाची बाजू मांडत बसले. शेवटी देव काय म्हणतो, तर तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. देवाची वकिली करणाऱ्यांना देवच हे सांगतो. मी हे वाचते तेव्हा दरवेळी थांबते.

साताऱ्याच्या माणसानं या विषयावर लिहायचं आणि कवी नारायण वामन टिळकांना सोडायचं हे होणार नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला, त्यानं जागा दिली, अदबीनं बोलला, आणि बोलणं सुरू झालं ते धर्मावर नाही तर संस्कृत काव्यावर. टिळकांच्या आवडीच्या विषयावर. नवा करार त्यानं हातात दिला तो नंतर. १८९५ ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, पुढं जवळपास पाच वर्षं दोघं वेगळे. परत एकत्र आल्यावरही बाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं, त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, आपल्या पायानं, आपला विचार करून. त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय, आणि त्यात नवऱ्याशी झालेले वाद झाकलेले नाहीत. आणि टिळक आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरी सोडून आले कुठं, तर आपल्या साताऱ्याला. १९१७ मध्ये इथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही बसायला जागा होती. दोन वर्षांत ते गेले. तुकारामांच्या पुलावरनं आपण ख्रिस्ताकडं आलो असं म्हणणारा माणूस. आम्ही आज जे जुनं म्हणून छातीशी धरतो, ते अभंग, ती भजनाची चाल, ते टाळ, ते त्यांच्यासारख्यांनी आणलं तेव्हा नवंच होतं, त्या आधी साहेबाच्या चालीवर भाषांतर केलेली गीतं गायची रीत होती. मीटिंगमध्ये मला हे बोलायचं होतं, पण त्या आधी आत्या बोलल्या आणि मग माझं बोलणं फारच पुस्तकी वाटायला लागलं.

आत्यांनी पोराचं सगळं ऐकलं. मध्ये दोन प्रश्न विचारले, कडं लोखंडाचं का पितळेचं, आणि आजोबांचं गाव कुठलं. मग म्हणाल्या, “आता माझं ऐक. माझा बाप बी हलगी वाजवायचा.” हे पण कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे वयस्करांना असेल, आम्हाला नव्हतं. पाटलाच्या दारात लग्न असलं की चार चार दिवस वाजवायची, बोटं सुजायची, रक्त यायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या मागनं, लांब, उकिरड्याकडेला. “भाकर वरनं टाकायचे लेकरा. वरनं. मी बापाबरोबर असायची, मी ती झेलायची. हलगी वाजली की मला अजून ती भाकर दिसती. इथं देवळात मी पहिल्यांदा सगळ्यांच्या बरुबर सतरंजीवर बसले. ह्या एवढ्याशा जागेत तरी तो आवाज मला नको.” आणि मग, जरा थांबून, “तू खोटा न्हाईस. पण मी न्हाई म्हणते.”

पोरगा रडला नाही, पण त्याला पुढं काही बोलता येईना. तो जाऊन आत्यांच्या शेजारी बसला.

मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायातली ती सूर-फिनीकी बाई मी किती वेळा वाचली असेल. परक्या जातीची बाई, मुलीसाठी पाया पडतेय, आणि येशू तिला म्हणतो की लेकरांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. हे वचन मला कायम टोचत आलंय, त्याची सारवासारव करणारी प्रवचनं पण मी ऐकलीत आणि ती मला कधी पटली नाहीत. त्या रात्री परत वाचलं आणि वरनं टाकलेली भाकर झेलणारी पाच-सहा वर्षांची आत्या मला तिथं दिसली. ती बाई मागं हटत नाही, म्हणते, खरंय प्रभू, पण मेजाखालची कुत्री सुद्धा लेकरांच्या हातनं पडलेला चुरा खातात. आणि येशू काय करतो, तर तिच्या बोलण्यावरनं निर्णय देतो. तुझ्या या बोलण्यामुळं जा, तुझी मुलगी बरी झालीये. एवढं सरळ लिहिलंय, तुझ्या बोलण्यामुळं. माझ्या देवाला एका बाईनं तोंडावर उत्तर दिलं आणि त्यानं ते ऐकलं, माझा विश्वास या गोष्टीवर जास्त टेकलेला आहे, पाण्यावरनं चालण्यावर कमी.

विरोधी मत ऐकावं, सगळ्यांचं ऐकावं, हे बोलायला फार सोपं आहे आणि बऱ्याचदा ते ज्याला आयुष्यभर ऐकूनच घ्यावं लागलं त्यालाच सांगितलं जातं. आमच्या मंडळीतल्या बहुतेकांच्या आजा-पणज्यांनी पाटलाचं ऐकलं, भटजीचं ऐकलं, गोऱ्या साहेबाचं ऐकलं, मिशनचं ऐकलं. त्यांना परत ऐकायला शिका म्हणायचं का? याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात आहे की प्रत्येक माणूस ऐकायला तत्पर, बोलायला धीमा आणि रागाला मंद असावा. हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं. पण त्याच पत्रात लगेच पुढच्या अध्यायात काय आहे ते कुणी कॅलेंडरवर छापत नाही. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला म्हणता इथं चांगल्या जागी बसा, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तू तिकडं उभा राहा, नाहीतर माझ्या पायापाशी बस. म्हणजे याकोबाला ऐकण्याबद्दल बोलायचं होतं तेव्हाच बसायच्या जागेबद्दल पण बोलायचं होतं. ज्याच्याकडं चांगली खुर्ची आहे त्यानं आधी ऐकायचं. हॉलमध्ये त्या दिवशी खुर्ची मास्तरांकडं होती, आत्यांकडं होती, वयामुळं, मानामुळं. पोरगा सतरंजीवरनं उठून बोलत होता. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले त्यात हेच आहे, काही महत्त्वाचं ठरवायचं असेल तर प्रमुखानं सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव जे बरं ते सगळ्यात धाकट्याला दाखवतो. शेवटी ठरवायचं प्रमुखानंच, पण बोलवायचं सगळ्यांना.

आणि ऐकलं म्हणजे जमतंच असं पण नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची ती मोठी सभा आहे, परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करावी का नाही यावर चांगलाच वादविवाद होतो, मग पेत्र बोलतो, मग सगळे गप्प राहून बर्णबा आणि पौलाचं ऐकतात, याकोब निवाडा सांगतो, पत्र लिहून माणसं पाठवतात, एवढा मोठा प्रश्न ऐकण्यानं सुटतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तेच पौल आणि बर्णबा मार्काला बरोबर न्यायचं का नाही या एवढ्याशा गोष्टीवरनं असे भांडतात की एक सायप्रसला जातो, एक सूरियाला. मला बरं वाटतं की हे बायबलात ठेवलंय. कितीतरी वर्षांनी पौलानं तुरुंगातनं लिहिलेल्या पत्रात ओळ येते की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत कोण कुणाकडं गेलं, कोण आधी बोललं, काही लिहिलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांबरोबर काम करतो. नरेंद्र दाभोलकर, साताऱ्याचाच डॉक्टर, त्यांनी १९८९ ला ही समिती काढली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी पोवई नाक्यावर माणसं नुसती उभी होती, माझा भाऊ त्यात होता, तो त्यानंतर उपासनेला आलाच नाही. त्याचं म्हणणं, विचाराला विचारानं उत्तर देता येत नाही म्हणून माणूस मारतात ते धर्मवाले. मी म्हणायचे सगळे तसे नसतात. हे आमचं बरीच वर्षं चाललं. हल्ली मी वडिलांची पद्धत धरलीये, “म्हणजे तुझं म्हणणं असं ना, की...” आणि तो हो म्हणेपर्यंत थांबते. वेळ लागतो, चिडचिड होते, फोन ठेवावासा वाटतो. पण असं करता करता मला कळलं की त्याचा राग येशूवर नाहीये, चंगाई सभांवर आहे, प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणणाऱ्या सभांवर. गल्लीतल्या एका काकूंनी तशा सभेतनं आल्यावर शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि यानं त्यांना खांद्याचा आधार देऊन रिक्षात घातलं होतं. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं कारण मी कधी तिथपर्यंत ऐकलं नव्हतं, मी नास्तिकपणावरच बोलत बसायचे. यावर माझं मत त्याच्याच बाजूचं आहे आणि ते मी मंडळीत उभी राहून सांगितलंय. थेस्सलनीकेच्या पत्रात सरळ आहे, सगळ्या गोष्टी पारखून घ्या, चांगलं ते बळकट धरा. १८९४ मध्ये मिरजेला डॉक्टर वॉनलेसनी हॉस्पिटल उभं केलं ते गोळ्या बंद करायला नाही. प्रार्थना करून सुरी हातात घेणारी माणसं होती ती. हे मी भावाला सांगितलं तर म्हणाला, सुरीपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे ताई.

पण त्यानं एक विचारलं त्याचं मला अजून काही सुचलेलं नाही. बरी झाली की साक्ष द्यायला पुढं बोलावता, म्हणाला, मग जी बरी झाली नाही, तिला पण पुढं बोलावून तिचं म्हणणं कधी ऐकलंय का मंडळीनं? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. काकूंचा पाय गुडघ्यापास्नं काढलाय, त्या अजून दर रविवारी येतात, दाराजवळच्या बाकावर बसतात कारण कुबड्या ठेवायला तिथं सोपं पडतं. हलगीचा विषय पुढच्या मीटिंगला परत आहे, आणि त्याच मीटिंगला मी काकूंचं नाव बोलायला दिलंय. काकूंना विचारूनच. त्या म्हणाल्या, बोलीन, पण मग मला मध्ये कुणी आमेन म्हणायचं नाही.